लाल, उंच, निळी आणि आईची म्हैस

दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग लागले की इतरांना दसरा नाकाने कळतो. मला तो उजव्या मनगटात कळतो. मनगट आपोआप थोडं आत वळतं, थ्रॉटल उघडताना वळतं तसं. आज ऑफिस सुटल्यावर पुलाखालून झेंडू घेतला, एक पिशवी हँडलला अडकवली, एक टाकीवर धरली आणि घरी, परळच्या भोईवाड्याकडे निघाले. पाऊस गेला की नाही हे अजून ठरायचंय, ऊन मात्र ठरवून आल्यासारखं. सिग्नलला शेजारी टॅक्सी उभी राहिली. टॅक्सीवाल्याने गाडीकडे पाहिलं, मग पिशव्यांकडे, मग माझ्याकडे.

"कितना देती है?"

एवढ्या मोठ्या मोटरसायकलला मुंबईत हाच एक प्रश्न असतो. मी ॲव्हरेज सांगितलं. त्याला माझी दया आली. तेवढ्यात सिग्नल सुटला.

झेंडूचा वास, तापलेल्या टाकीचा वास आणि हा प्रश्न, तिन्ही एकत्र आले की तो एक हंगाम परत येतो. पितृपक्षापासून भाऊबीजेपर्यंतचा. त्या दिवसांत मी तीन मोटरसायकलींचा जेवढा अभ्यास केला तेवढा बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत मिळून केला नसेल, आणि बी.कॉम. मी चांगल्या मार्कांनी झाले आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. बाबा लालबागला मसाल्याच्या दुकानात पोती उचलायचे, आई परळच्या हॉस्पिटलात आया होती. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासते. कुठली गाडी कुठे वाकते, पडल्यावर पहिलं काय तुटतं, आणि माणूस कसा बसला होता म्हणून कसा पडला, हे रोज माझ्या टेबलावर येतं. त्यामुळे गाडी कशी निवडावी हे मला कुणी शिकवू नये, असं माझं तेव्हाही मत होतं. आजही आहे.

गाडी हवी होती आईसाठी. हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

आईचं माहेर पाटणच्या खोऱ्यात, आणि आईला गाडी लागते. लागते म्हणजे एसटीत पाय ठेवायच्या आधी, नुसता दरवाजा उघडला तरी तिचं तोंड पिवळं पडायचं. एका मुठीत लिंबू, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. लिंबाच्या सालीला नख मारायचं, हुंगायचं, परत नख मारायचं. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत लिंबाची चाळण झालेली असायची आणि बाई अर्धी झालेली असायची. चारचाकीतही तेच, वर एसी लावला तर आणखीच. मग तिने जाणं सोडलं. पण तिचा भाऊ, शंकरमामा, येत होता. दर भाऊबीजेला बगलेत एक भोपळा आणि हातात घेवड्याची पिशवी घेऊन तो चाळीच्या जिन्यात उभा. ओवाळून घ्यायचा, दोन घास खायचा आणि परतीच्या गाडीला पळायचा.

मग त्याचं खुब्याचं हाड मोडलं. बसवलं, पण नीट बसलं नाही. काठी घेऊन तो अंगणातल्या बाजेपर्यंत येतो, त्याच्यापुढे नाही. आईला जाता येत नाही, मामाला येता येत नाही, मधे तीनशे किलोमीटर. फोनवर दोघं "जेवलास का" आणि "जेवलीस का" एवढंच बोलायची. त्या श्रावणात असाच एकदा फोन ठेवून आई म्हणाली, "आता आमची गाठ वरच पडायची." रडली वगैरे नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता बोलली. रडली असती तर मी समजूत घातली असती. शिट्ट्या मोजणाऱ्या माणसाची समजूत कशी घालायची?

त्या रात्रीच्या भाताबरोबर मला एक गोष्ट सुचली. कॉलेज संपल्यापासून मी स्कूटर चालवते. आईला मागे बसवून दादर, माटुंगा, एकदा तर गिरगावात खोताच्या वाडीत तिच्या जुन्या सिस्टरबाईंकडे नाताळचा केक आणायला गेलो होतो. स्कूटरवर आईला कधी लागलं नव्हतं. एकदाही नाही. वारा तोंडावर असतो, रस्ता डोळ्यांसमोर असतो, डिझेलचा वास मागे पडतो. म्हणजे आईला प्रवास सोसत होता. सोसत नव्हता तो डबा. फक्त तीनशे किलोमीटर, दोन घाट, दोन माणसं आणि सामान हे स्कूटरचं काम नाही. त्याला पळणारी आणि तरीही लांबच्या पल्ल्याची गाडी लागते. अशा गाड्यांना स्पोर्ट-टूरर म्हणतात. शर्यतीच्या गाडीचा जोर आणि लांबच्या गाडीची बैठक, असा तो संसार आहे, आणि कुठल्याही संसारासारखं त्यात कोण कुणापुढे किती नमतं त्यावर सगळं असतं.

तीन गाड्या पसंतीला उरल्या. त्यांच्या कंपन्यांची नावं आमच्या चाळीत कुणी घेतलीच नाहीत. लाल, उंच आणि निळी. चाळीत सुनांचीसुद्धा वर्णनं अशीच होतात.

लाल गाडी चार सिलिंडरची. कागदावर तिच्यापुढे कुणी उभं राहू शकत नव्हतं. अश्वशक्ती सगळ्यांत जास्त, वजन सगळ्यांत कमी. पण तिचा जोर वर होता, इंजिन किंचाळायला लागल्यावर येणारा. खाली, जिथे परळच्या नाक्यावर आपण आयुष्य काढतो तिथे, ती नुसती गुरगुरायची. हँडल खाली, पाय मागे, चालवणारी टाकीवर ओणवी. आणि मागची सीट म्हणजे पोळपाट.

उंच गाडी म्हणजे डोंगरदऱ्यांतून जाणारी साहसी जात. सस्पेन्शन एवढं खालवर होणारं की भोईवाड्याचा खड्डा तिला दिसायचासुद्धा नाही. बैठक ताठ, मागे ऐसपैस जागा, सामानाला हवे तेवढे बॉक्स. पण बसायची उंची माझ्या कमरेच्या वर. थांबताना माझ्या एका पायाची फक्त बोटं जमिनीला टेकायची. मी एकटी असेन तर बोटांवर भागतं. मागे आई असताना, उतारावर, अंगठ्यावर तोललेली गाडी मला नको होती. तशा तोललेल्या गाड्यांचे फोटो मी रोज बघते, आडव्या पडल्यानंतरचे.

निळी दोन सिलिंडरची. आकड्यांत लालपेक्षा बरीच मागे, उंचपेक्षा थोडी पुढे. पण तिचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, खालीच हजर. क्लच सोडला की ती आपल्या पायांनी निघायची, ढकलावी लागायची नाही. पुढची काच हाताने वरखाली होणारी. मागची सीट सपाट, रुंद, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. आणि मागच्या स्प्रिंगला एक गोल नॉब. मागे माणूस बसलं की तो हाताने फिरवून स्प्रिंग कडक करायची, एकटं असलं की सैल. पान्हा नको, मेकॅनिक नको. गाडी बनवणाऱ्या त्या परदेशातल्या माणसाने मागे बसणाऱ्याचा विचार केला होता, हे त्या नॉबवरून कळत होतं.

माटुंग्याच्या इडलीवाल्याकडे रविवारी सकाळी आमचा मोटरसायकलवाल्यांचा कट्टा भरतो. तिथे मंग्या लालचा वकील होता. मंग्या म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त मंगेश. चाळीतच खालच्या मजल्यावर राहतो, आणि जगातल्या प्रत्येक मोटरसायकलबद्दल त्याला मत असतं.

"वैशाली, निळी म्हणजे काय सांगू तुला," तो इडली सांबारात बुडवत म्हणाला, "निळी म्हणजे दळण आणायची गाडी. लालची टॉप स्पीड बघ. आकडा बघ आकडा."

"कुठे मारणार तू टॉप स्पीड? हिंदमाताच्या सिग्नलला?"

"अगं, माहिती पाहिजे ना आपल्याला, की गाडीत ते आहे."

"मंग्या, तुझ्या घरी कपाटात सूट आहे तसंच ना हे?"

कट्टा हसला. मंग्याचा सूट बहिणीच्या लग्नाला शिवला होता आणि ते लग्न मे महिन्यात सावंतवाडीला झालं होतं.

पण मंग्याचं एक म्हणणं खरं होतं, मी ते तेव्हाही मान्य केलं. ज्या शहरात ही गाडी राहणार त्या शहरातल्या चांगल्या रस्त्यांवर तिला बंदी आहे. सी-लिंकवर दुचाकी नाही. कोस्टल रोडला नाही. फ्रीवेला नाही, अटल सेतूला नाही, जे.जे.च्या पुलावर नाही, पुण्याच्या एक्स्प्रेस वेवर तर नाहीच नाही. तीस वर्षांची खटारा चारचाकी धूर सोडत सी-लिंकवरून जाते आणि वळणावरही ब्रेक सांभाळणारं कॉर्नरिंग एबीएस लावलेली मोटरसायकल खालून, माहीम कॉजवेने, बेस्टच्या मागे. मग घ्यायची कशाला? याचं उत्तर माझ्याकडे होतं. मला शहरात पळायचं नव्हतं. शहरातून बाहेर पडून एका अंगणापर्यंत पोचायचं होतं, आणि तिथे जाणारा जुना रस्ता कुणी बंद केलेला नव्हता.

आता टेस्ट राईडचं. त्यासाठी मी पितृपक्ष निवडला. पितृपक्षात आपल्याकडे कुणी नवी वस्तू घेत नाही, शोरूम ओस. विक्रीची पोरं पंख्याखाली मोबाईलवर क्रिकेट बघत बसलेली. दसऱ्याच्या तोंडावर जिथे पाच मिनिटं गाडी हातात देत नाहीत, तिथे पितृपक्षात म्हणाल तेवढा वेळ देतात. आईला हे पटत नव्हतं.

"पंधरवड्यात नवी वस्तू बघत्यात का?"

"बघतेय आई. घेत नाहीये."

"बघिटली की मन जातं. पितरांस्नी काय कळत न्हाय व्हय?"

"बाबांना कळलं तर ते खूशच होतील. तू चल फक्त."

शोरूममध्ये टाय लावलेल्या पोराने आईकडे पाहिलं. आईने काठापदराची साडी नेसली होती आणि पर्स पोटाशी धरली होती. "मॅडम, मावशींना इथे एसीत बसू द्या ना. टेस्ट राईड रायडरची असते."

"टेस्ट यांचीच आहे," मी म्हटलं. "मी ड्रायव्हर."

तिन्ही दुकानांत हेच झालं. तिन्ही गाड्यांवर आई स्कूटरवर बसते तशी एका बाजूला बसली. गल्लीच्या टोकापर्यंत मी पायी चालल्याच्या वेगाने नेली आणि परत आणली, आणि तिन्ही वेळा आईने निकाल दिला. लालवर: "ही फुडं झुकती आन् मला आभाळात फेकती. तू खाली, मी वर. कोण कुणाला घिऊन चाललंय?" उंचवर: "चांगली हाय. शिडी संगं देत्यात का?" निळीवरून ती सावकाश उतरली, सीटवर हात फिरवला, सीट दाबून बघितली, वांगी बघतात तशी, आणि म्हणाली, "हिच्यावर डुलकी लागंल."

सलग दीड महिना परीक्षणं वाचून जे मला कळलं होतं, ते आणि हे एकच होतं. मला बरं वाटलं. माझा अभ्यास बरोबर निघाला म्हणूनही वाटलं, ते का लपवू.

दसऱ्याला निळी आली. चाळीच्या चौकात रांगोळी. आईने सकाळीच दादरहून झेंडू आणि तीन लिंबं आणली होती. दोन चाकांखाली ठेवायची, पूजा झाली की गाडी त्यांच्यावरून पुढे न्यायची. तिसरं तिने कनवटीला खोचलं. भाऊबीजेच्या प्रवासासाठी, आत्तापासून. "सुकून जाईल," मी म्हटलं. "सुकलं तर दुसरं आणीन. पर लिंबू लागणार," ती म्हणाली. लिंबाशिवाय प्रवास तिच्या डोक्यात बसत नव्हता.

हळदकुंकू झालं, नारळ फुटला, लिंबं चिरडली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मंग्या पान्हे घेऊन आला. नवी गाडी आली की हे पहिलं काम असतं. मागच्या चाकाच्या बाजूला एक जाळी असते, मागे बसणाऱ्या बाईची साडी चाकात जाऊ नये म्हणून. आपल्याकडे कायद्याने ती लावूनच गाडी विकतात, आणि मोठ्या गाडीवाले ती पहिल्या दिवशी काढून माळ्यावर टाकतात. दिसायला बरी दिसत नाही म्हणून. मंग्याने पहिला बोल्ट सैल केला.

"काय काढतोयस रं?" आई म्हणाली.

"साडी गार्ड, मावशी. शोभत नाही एवढ्या भारी गाडीला."

"साडी कोण नेसतं? तू का मी?"

चौक हसला. मी हसले नाही. मी आईकडे बघत राहिले. "आई, तू साडी नेसून येणार?"

"मग?"

हे मी विचारलंच नव्हतं. वजन, उंची, टॉर्क, स्प्रिंग, काच, ब्रेक, सगळं बघितलं होतं. मागे बसणारी काय नेसून बसणार आहे, हे मी मनाशीच ठरवून टाकलं होतं. दादरला जाऊन पंजाबी ड्रेससुद्धा आणून ठेवला होता, चांगला, सुती, आमसुली रंगाचा. तो मी कपाटातून काढला. आईने त्याला हातसुद्धा लावला नाही.

"म्हायेरी चाललीय मी. भावाला ववाळायला. गावच्या तोंडावर पंजाबी ड्रेस घालून उतरू?"

"आई, लांबच्या रस्त्याला एका बाजूला बसवून नाही नेणार मी. काय वाट्टेल ते होवो. मी रोज बघते काय होतं ते."

"मग ऱ्हाऊ दे."

तिचं "ऱ्हाऊ दे" म्हणजे कोर्टाचा निकाल. भोईवाड्याच्या खऱ्या कोर्टात निदान पुढची तारीख तरी मिळते.

दसरा ते दिवाळी हे दिवस मुंबईत तसेही कठीण. चिकट ऊन, घराघरांत रंग, पोह्यांच्या चिवड्याचा आणि टर्पेंटाइनचा एकत्र वास. त्या वर्षी त्यात आमचा अबोला. आई चकल्या पाडत होती आणि सोऱ्या असा पिळत होती की पीठच माफी मागेल. खाली चौकात निळी उभी, तिच्यावर जुनी चादर. एकटीने मी ती चालवत होते, ऑफिसला, दादरला, एकदा रविवारी खोपोलीपर्यंत. गाडी उत्तम होती. मी चुकीची गाडी घेतलेली नाही हे मला प्रत्येक किलोमीटरला कळत होतं, आणि त्याने उलट राग येत होता. मागची सपाट सीट रिकामी वाऱ्याला तोंड देत होती. स्प्रिंगचा नॉब सैलच.

एक गोष्ट मला तेव्हा कळली. गाडीच्या माहितीपत्रकात प्रत्येक आकडा चालवणाऱ्याच्या बाजूचा असतो. किती वेळात शंभर गाठते, किती वाकते, किती लवकर थांबते. मागे बसणाऱ्याला त्यात एक ओळ: दोन जणांसाठी. बस. आम्ही, शिकून पुढे गेलेली पहिली पिढी, घर चालवतो ते असंच. हँडल आपल्या हातात, वेग आपला, आणि मागे आईबाप बसलेत हे आपण कौतुकाने सांगतो. कसं बसायचं हे त्यांनाही ठरवायचं असतं. त्याने आपल्या शिक्षणाला कमीपणा येत नाही.

वसुबारसेच्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आई घरात नाही. शेजारची म्हणाली दादरला गेलीय. दिवेलागणीला आली. हातात कागदी पिशवी. तिने मोरीचं दार लावलं. बाहेर आली तेव्हा तिने नऊवारी नेसली होती. गर्द हिरवी, इरकली काठाची, मागे कासोटा घट्ट ओढलेला. माझ्या आठवणीत आईने कायम पाचवारीच नेसली. लग्न करून परळला आली आणि हॉस्पिटलच्या गणवेशाच्या साडीत गेली ती तशीच. मला ती एकदम वेगळी दिसली. उंच नाही, म्हातारी नाही, तरुणही नाही. तयार दिसली.

"चल खाली," ती म्हणाली.

"कुठं?"

"बसून दावते तुला."

चौकात मंग्या गाडी पुसत होता, माझीच. आईने त्याला हाताने बाजूला केलं, डावा पाय फूटरेस्टवर ठेवला, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि उजवा पाय अलगद पलीकडे टाकून सरळ बसली. साडीची एक निरी हलली नाही.

मंग्याच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "मावशी, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नाव देऊ का तुमचं?"

"त्यातल्या बाया फोटोपुरत्या बसत्यात. मी बारा वर्षांची हुईस्तवर म्हशीवर बसलीय. नदीतनं. पावसात." आईने दोन्ही बाजूंचे दांडे धरून हलवून बघितले. "म्हशीला ह्ये न्हवतं. शिंग धरलं की ती मान झाडायची."

"आणि ब्रेक?" मंग्या म्हणाला.

"भाकरी दिसली की थांबायची."

मी खाली बसले आणि मागचा नॉब फिरवायला घेतला. एकेक टक् टक् करत तो कडक होत गेला. आई वरून बघत होती. "काय करतीस?" मी सांगितलं. ती थोडी हलून बसली, पुन्हा हलली. "आजून येक," ती म्हणाली. मी आणखी एक टक् दिली. "बास."

मग आम्ही दोघींनी तह केला. नऊवारी तिची, बाकी सगळं माझं. हेल्मेट माझ्या पसंतीचं, जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, गुडघ्यांना पॅड. भाऊबीजेच्या पहाटे चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती. वरून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, गड घ्यायला निघालात काय?" आईने हेल्मेटची काच खाली केली आणि हात वर केला. तिला हेल्मेटमधून ऐकू आलं नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं.

त्या प्रवासाचं मला सलग काही आठवत नाही. वाशीच्या पुलावर पूर्वेला आलेला पहिला लाल उजेड. पनवेलनंतर भातखाचरांवर पिवळं पडलेलं ऊन आणि कापलेल्या भाताचा वास, जो बंद काचेच्या गाडीत कधी आत येत नाही. खोपोलीहून चढ लागला तेव्हा मी मनात तयारी करून होते. थांबायला जागा हेरत होते, मागे कान लावून होते. निळी तिसऱ्या गिअरमध्ये, कुठलीही तक्रार न करता, वळणामागून वळण घेत होती, आणि प्रत्येक वळणाला आई माझ्याबरोबर झुकत होती. हे तिला मी शिकवलं नव्हतं. नवखा माणूस वळणावर घाबरून उलट ताठतो, आणि गाडी जड होते. आई झुकत होती. म्हशीवर उलट ताठलं तर माणूस नदीत पडतं, ती नंतर म्हणाली.

वर चहाला थांबलो. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. हेल्मेटने केस चपटे झालेले, गाल लाल.

"लागतंय का?"

"काय?"

"गाडी, आई. गाडी लागतेय का?"

ती थांबली. खरंच विसरली होती. कनवटीला हात लावून बघितला, लिंबू होतं. परत खोचलं. "चा सांग," ती म्हणाली, "आन् वडा बी."

प्रवासात आईने काही खाल्लेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. खंबाटकी कधी आला आणि कधी गेला हे मला तिच्याकडून कळलं. तिने माझ्या पाठीवर दोनदा थापटलं आणि बोटाने खालची वळणं दाखवली. मी काच वर केली. "हितंच," ती ओरडली, "हितं लई व्हायचं मला." पर्यटकाला किल्ला दाखवावा तसा तिने तो घाट दाखवला.

उंब्रजला आत वळलो, मग कोयनेच्या कडेकडेने. शेवटचा रस्ता कच्चा. तिथे मात्र मला त्या उंच गाडीची आठवण झाली, खोटं कशाला बोलू. निळीने तिथे हाडं मोजली. दगडावरून गाडी आपटली तशी आई मागून म्हणाली, "ती शिडीवाली हितं बरी पडली असती." तिने सगळ्या गाड्या लक्षात ठेवल्या होत्या.

मामा अंगणात बाजेवर बसला होता, काठी मांडीवर आडवी. गाडीचा आवाज ऐकून त्याने आधी गाडी पाहिली. मग हेल्मेट निघालं आणि बहीण दिसली. हिरवी नऊवारी, धुळीने काठ पांढरे, पायात बूट. उठायला गेला, काठी घसरली, परत बसला. आई पुढे गेली आणि त्याच्या शेजारी बाजेवर बसली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, दोघं गाडीकडे बघत होती. मामाने विचारलं,

"किती देती?"

"काय की," आई म्हणाली. "पर उलटी देत न्हाय."

मामाचा खांदा हलायला लागला. मग आईचा. दोघं एवढी हसली की मामी चुलीवरचं टाकून बाहेर आली. हसता हसता मामाने डोळे पुसले, ते पुसतच राहिला.

संध्याकाळी ओवाळून झाल्यावर आईने कनवटीचं लिंबू काढलं. थोडं सुकलं होतं, पण सालीवर नखाचा एक ओरखडा नव्हता. तिने ते हातात फिरवलं, विळीवर चिरलं आणि मामाच्या पोह्यांवर पिळलं.

परतताना प्रश्न आला भोपळ्याचा. मामाचा हट्ट, दोन न्यायचेच. माहितीपत्रकात मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या बॉक्सची क्षमता लिटरमध्ये दिलेली असते, आणि एक पूर्ण हेल्मेट मावतं असंही लिहिलेलं असतं. आता मी खात्रीने सांगू शकते की डाव्यात एक भोपळा बसतो. उजव्यात बसत नाही, कारण सायलेन्सरसाठी तो आतून कापलेला आहे. दुसरा भोपळा आईने मांडीवर घ्यायची तयारी दाखवली. तह मोडत होता म्हणून मी नाही म्हटलं. उजव्यात घेवडा भरला.

तेव्हापासून दरवर्षी जातो. मंग्या अजूनही माटुंग्याला लालचे आकडे सांगतो. लालची नवी आवृत्ती आली आहे, आणखी हलकी, आणखी वेगवान. ऐकायला मला आवडतं. मी वाचतेही, सगळं. एकटी असतानाही मी मागचा नॉब सैल करत नाही, म्हणून तो माझ्यावर वैतागतो. "खड्ड्यात पाठ मोडेल तुझी. सेटिंग चूक आहे हे." सेटिंग चूक नाही. परळच्या खड्ड्यात दणका बसतो तो बसू दे.

आज घरी आले तेव्हा आई चौकातच होती. पूजेचं तबक घासून ठेवलेलं, बाजूला नारळ, सुपारी. मी झेंडूच्या पिशव्या उतरवल्या. तिने एक फूल उचलून हुंगलं, उन्हातून आलेल्या गाडीच्या सीटवर हात ठेवला आणि पटकन काढला, तापली होती.

"लिंबं आणलीस?" मी विचारलं.

तिने पदराची गाठ सोडली. दोन लिंबं निघाली. मी तिच्या कनवटीकडे बघितलं. तिथे काही खोचलेलं नव्हतं.

"तिसरं?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग वाकून गाडीकडे, पुढून मागे.

"चाकं दोनच हायत न्हवं हिला?"